बोरीकाठचं अमळनेर



सहलीचा विषय निघाला, की आमच्या वर्गात नुसता गलका होतो. कुणाला अजिंठा हवा, कुणाला मुंबईचा समुद्र! मागच्या वर्षी मी म्हटलं, "यंदा अमळनेरला जाऊ." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तठे काय शे देखाले?"

तुम्हालाही तसंच वाटलं ना? मग चला माझ्याबरोबर!

अमळनेर हे जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर ते लागतं. धुळ्याहून एस. टी.नंही जाता येतं. गावाजवळून बोरी नदी वाहते. तिच्या पात्रातच संत सखाराम महाराजांची समाधी आहे. वैशाखात इथं मोठी यात्रा भरते, रथ निघतो.

आता दुसरं मंदिर पाहू. हे मात्र पूजेसाठी नव्हे, अभ्यासासाठी बांधलेलं! गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली इथं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. जग म्हणजे काय, माणसानं कसं वागावं, अशा प्रश्नांवर विचार करायला दूरदूरचे विद्यार्थी इथं येऊन राहत.

त्यांतच एक तरुण होता, पांडुरंग सदाशिव साने. होय, आपले साने गुरुजी! १९२४ साली ते इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, कपडे आवरून ठेवत. मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती कुणी लिहून घेतली, ठाऊक आहे? साने गुरुजींनीच!

आणखी एक गंमत सांगते. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी सुरू झाली. पुढं तीच 'विप्रो' झाली, कॉम्प्युटरच्या कामासाठी जगभर नावाजली. आणि साहित्य संमेलन? ते इथं १९५२ साली भरलं, मग ७२ वर्षांनी २०२४ साली पुन्हा भरलं!

हे सगळं बघून आम्ही परत निघालो. गाडीत तो मागच्या बाकावरचा गडी अगदी गप्प होता. मला वाटलं, कंटाळला असेल बिचारा.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले, तर फळ्याशेजारी वहीचं एक पान चिकटवलेलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचा वर्ग, अंक पहिला'. खाली आमच्याच गावाची माहिती होती: विहीर कुणी खणली, पिंपळाचा पार कुणी बांधला. आजोबांना विचारून विचारून लिहिलेली! शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. पण मी लाल पेन खिशातून काढलंच नाही.

काय मग, तुमच्या गावात काय आहे बघायला? जरा विचारून तर बघा!