एका वेळी एकच

दिवाळीत भद्रावतीला जाताना १/२८ मापाची रिमोटची रेसिंग कार नेली होती. तळहातावर मावेल एवढी. ट्रिपल-ए मापाचे चार रिचार्जेबल सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट. पुण्यात मित्राकडच्या कार्पेटवर मस्त पळणारी ही बया आमच्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक वळणाला गर्रकन फिरायची. मी लगेच स्प्रिंग, पिनियन, टो-इन, टायर सगळंच बदललं. आणखीच बिघडली!

बाबा इथल्याच आयुधनिर्माणीतून टर्नर म्हणून रिटायर झालेले. घर विकून पुण्याला चला, हे मी परस्पर ठरवून टाकल्यापासून आमचं बोलणं 'जेवायला ये' इतकंच. ते शेजारी येऊन बसले.

"चार गोष्टी एकदम बदलवून राहिला, मंग कोनत्यानं फरक पडला हे कसं कळन?"

सगळं पूर्ववत केलं. मग फक्त मागे मऊ टायर घातले. मागची पकड वाढली आणि गाडी सुतासारखी वळली.

डीबगिंग करताना ज्युनिअर्सना मी हेच तर शिकवतो! असो.

रिमोट बाबांच्या हातात दिला. या वेळी घराचा विषय काढलाच नाही. "आठ दिवस पुण्याला या" एवढंच म्हणालो.

"पाहू," ते म्हणाले. नजर गाडीवरच होती.