पावावरचा काटा

मैत्रिणींनो, गाडीच्या डॅशबोर्डवरचे काटे हा काही आपला प्रांत नव्हे, असंच मीही इतकी वर्षं समजत होते. आमची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. गाडी मलाही चालवता यायची. पण पेट्रोल, ऑइल, कागदपत्रं हे सगळं ह्यांच्याकडे.

हे गेले, त्यानंतर चार महिन्यांनी मी एकटीच साताऱ्याहून वाईला लेकीकडे निघाले. पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवत होता. पाचवडच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले अन् बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत! जावई पेट्रोलचा कॅन घेऊन येईपर्यंत दिवेलागण झाली. रस्त्याच्या कडेला मी एकटी आणि समोर तो काटा, अजूनही पावावरच!

दुसऱ्या दिवशी आमचे जुने मिस्त्री म्हणाले, "वहिनी, काटा पहिल्यापासूनच जास्त दाखवतो. साहेबांना ठाऊक होतं. पावावर आला की भरायचे."

म्हणजे काट्याची चूक ह्यांच्या डोक्यात दुरुस्त होत होती. ते डोकंच गेलं!

मी हट्टच धरला, "काका, दुरुस्त करा. मी शेजारी बसणार."

आधी बॅटरीची वायर सोडवली. मोकळ्या अंगणात, आसपास चूल-उदबत्ती काही नाही, अशा जागी टाकीतलं पेट्रोल काढलं. टाकीत एका दांडीला तरंगणारा गोळा असतो. पेट्रोल घटेल तसा तो खाली उतरतो, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाशी बारीक तारेच्या वेटोळ्यावरून पत्र्याची पट्टी सरकते. त्यानुसार वीज कमीजास्त होऊन समोरचा काटा हलतो. आमची दांडी वाकली होती. काटा बिचारा निर्दोष. त्याला बातमीच चुकीची मिळत होती!

दांडी सरळ करून बसवली, गंजलेली जोडणी घासून साफ केली. मग रिकाम्या टाकीत मापाने पाच-पाच लिटर ओतायचं, किल्ली फिरवायची, काटा स्थिर होऊ द्यायचा आणि कुठे थांबला ते वहीत टिपायचं. आपण नाही का, नवा डबा घेतला की किती किलो तांदूळ मावतो ते एकदा मोजून ठेवत? तसंच.

वेगाचा काटा लेकाने आणि मी तपासला. ताशी ६० किलोमीटर वेगाने एक किलोमीटर जायला बरोबर ६० सेकंद लागतात. तो काटा साठावर धरून चालवत होता, मी किलोमीटरच्या दगडांकडे बघत घड्याळ धरलं. ६८ सेकंद! म्हणजे खरा वेग ५३च्या आसपास. जास्त दाखवतो, कमी नाही, म्हणून तो तसाच ठेवला. पण तेही वहीत लिहिलं.

लिहिता लिहिता हात थांबला. विम्याची पॉलिसी शोधायला मला तीन आठवडे लागले होते. लॉकरची किल्ली धान्याच्या कोठीमागे सापडली. कुणाकडे किती येणं, हे तर अजून कळलेलं नाही. ह्यांनी लपवलं नव्हतं हो. मीच कधी विचारलं नाही, त्यांनाही सांगायचं सुचलं नाही.

म्हणून एवढंच सांगते. आज रात्री जेवणं आटोपली की एक वही घेऊन दोघं बसा. त्यांच्या डोक्यातलं तुम्ही लिहून घ्या, तुमच्या डोक्यातलं त्यांना लिहू द्या. दूधवाल्याचा हिशेब, मुलांची औषधं, कुठल्या नळाची चकती कधी बदलायची, हे त्यांना तरी कुठे ठाऊक असतं? अभद्र बोलते असं मानू नका. सोसलंय म्हणून बोलते.

काटा आता खरं सांगतो. तरीही पावावर आला की मी पेट्रोल भरते. तेवढी सवय ह्यांची राहू दे.