वाटेची राखण

वकिलाला जमीन प्रथम कागदावर भेटते आणि मग पायाखाली. एक-चौदाच्या उताऱ्यावरील नावे, सर्व्हेच्या नकाशावरील आकडे, जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांतील चतुःसीमा यांची उलथापालथ करण्यात त्याचे अर्धे आयुष्य सरते. या साऱ्या कागदपत्रांत अगदी उपेक्षित अशी जर कोणती वस्तू असेल, तर ती पायवाट होय. नकाशावर ती असलीच तर तुटक रेघेने असते, आणि पुष्कळदा तीही नसते. घरासाठी भांडणारे भाऊ समेट करतात. परंतु वाटेसाठी भांडणारी घराणी तिसऱ्या पिढीतही एकमेकांकडे पाठ फिरवून देवदर्शन घेताना मी पाहिली आहेत.

अंत्रुज महालातल्या आमच्या गावी अशी एक वाट आहे. वरच्या वाड्यावरून ती निघते, चिऱ्यांच्या पायऱ्यांनी देवाच्या रायेत उतरते, झरीपाशी क्षणभर थबकते आणि तळीच्या काठाने देवळाच्या दिंडीदरवाजाशी येऊन पोहोचते. रायेत माट्टी आहे, सातवीण आहे, भेरली माड आहे, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली आहेत. भर वैशाखातही तेथे अंगावर शिरशिरी येते. वर्षातून एकदा देवाची पालखी या वाटेने वरच्या वाड्यावर जाते. उरलेल्या दिवसांत ती वाट कोणाची, हा प्रश्न आमच्या लहानपणी कोणाला पडत नसे, कारण पाण्याच्या कळशा, गुरे, शाळेची पोरे आणि देवाला फुले नेणाऱ्या बायका यांनी ती दिवसभर गजबजलेली असे.

पुढे घरोघरी नळ आले, मोटारीचा रस्ता झाला, आणि वाट ओस पडली. पावसाळा संपला की रानमोडी आणि घाणेरी तिच्यावर माणूसभर उंच वाढत. पायऱ्यांचे चिरे निखळून कोणाच्या तरी कुंपणात जाऊन बसत. तळीत थर्माकोल आणि पिशव्या तरंगत. पालखीच्या आधी चार मजूर लावून तेवढी वाट मोकळी करायची आणि पालखी परतली की पुन्हा रानाच्या हवाली करायची, असा क्रम पडला होता.

हा क्रम मोडला तो काही रविवारी सकाळी कोयते घेऊन बाहेर पडणाऱ्या दहाबारा जणांनी. त्यांत एक निवृत्त मास्तर आहेत, दोन गवंडी आहेत, इस्पितळात रात्रपाळी करून थेट येणारी एक परिचारिका आहे, कॉलेजातली चार मुले आहेत. शेजारच्या वाड्यावरचा एक ख्रिस्ती गृहस्थ आपली कुदळ घेऊन येतो; त्याची आजी याच झरीचे पाणी भरत असे. हुबळीकडून आलेल्या एका कामगाराची मुलगी सर्वांत आधी हजर असते. या मंडळींना नाव नाही, पावतीपुस्तक नाही, आणि आजच्या काळी नवलच म्हणावे लागेल, फलकही नाही.

आपल्याकडे सामुदायिक कामाची परंपरा नवी नाही. गोव्यातील गावकरी संस्था पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची. १५२६ सालच्या फोरालात त्यांनी तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज केवळ लिहून काढले. शेतांच्या उत्पन्नातून बांध, तळी, वाटा आणि देवळे यांचा खर्च आधी भागवायचा व मग उरलेले वाटून घ्यायचे, ही त्या व्यवस्थेची घडण होती. ती आदर्श होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात मान ठरलेला होता, तसेच कष्टही ठरलेले होते, आणि ज्यांच्या वाट्याला कष्ट येत त्यांच्या वाट्याला मान क्वचितच येई. १९६४ च्या कूळकायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने कसणाऱ्याला व राहणाऱ्याला जे दिले, ते न्याय्यच होते. परंतु हक्क वाटून देताना सामाईक कामे कोणी करायची हे मात्र कोणी मनावर घेऊन ठरवले नाही. खाजन शेतांचे बांध फुटले ते याच पोकळीतून, आणि आमच्या वाटेवर रान माजले तेही तिच्यातूनच. बांदिवड्याच्या नागेशीला १४१३ सालचा शिलालेख आहे. त्यात देवासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. दान दगडावर कोरले जाते. झाडलोट कोणी कोरून ठेवीत नाही.

या मंडळींचे काम वर्षभर चालल्यावर देवस्थान समितीत कुजबूज सुरू झाली. काही महाजनांना शंका आली की आज जे झाडतात ते उद्या मालकी सांगतील. राय देवस्थानची, झर देवस्थानची. त्यात महाजन नसलेल्यांनी, कुळावी नसलेल्यांनी, ठरावाशिवाय कोयता चालवावा हे योग्य काय? एक वयोवृद्ध महाजन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वकीलबाब, तुम्ही लेखी मत द्या."

मी मत दिले. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात परवानगी आणि हक्क यांत स्पष्ट भेद केलेला आहे. मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत काही करण्याची मुभा मिळाली म्हणून जमिनीत कसलाही हितसंबंध उत्पन्न होत नाही. तेव्हा झाडू मारल्याने कोणी मालक होत नाही. मात्र त्याच कायद्याच्या साठाव्या कलमात एक खोच आहे. परवानगीच्या आधारावर कोणी कायम स्वरूपाचे बांधकाम केले आणि त्यासाठी खर्च सोसला, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. म्हणून रायेत सिमेंटचे बाक, चबुतरे, कमानी यांपैकी काहीही होऊ नये, असे मी सुचवले. हा सल्ला कायद्याचा होता हे खरे. परंतु तो देताना मला जो आनंद झाला तो निव्वळ कायद्याचा नव्हता, हे वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

त्याच मतात मी आणखी एक परिच्छेद जोडला, जो कोणी मागितला नव्हता. सत्तेचाळिसावे कलम सांगते की जाण्यायेण्याचा सुखाधिकार सलग वीस वर्षे वापरला नाही तर तो संपुष्टात येतो. सार्वजनिक वाटेचे सूत्र निराळे आहे. ती न चालल्याने सहसा मरत नाही. परंतु ती सार्वजनिक होती हे कोर्टात सिद्ध करायला त्या वाटेने चाललेली माणसे लागतात, आणि अशी माणसे आमच्या गावी आता सत्तरीच्या पुढे आहेत. तेव्हा समितीने भ्यायचेच असेल तर चालणाऱ्यांना भिऊ नये.

हे लिहिण्यास निमित्तही होते. वरच्या वाड्याखालची एक भरड बाहेरच्या कोणी विकत घेतली होती, आणि एके दिवशी पाखाडीच्या माथ्यावर तारेचे कुंपण उभे राहिले. नकाशावर तेथे तुटक रेघ नव्हती. दाव्याची भाषा सुरू झाली. काही तरुणांनी तार कापण्याची भाषा केली. मास्तरांनी दोन्ही थांबवल्या. त्यांनी साठीच्या पुढच्या बायकांना जमवले आणि कोण कोणत्या साली लग्न होऊन आली, पाणी कोठून भरी, पालखी कोठे टेकत असे, हे एका वहीत उतरवून घेतले. प्रत्येकीचा अंगठा किंवा सही त्याखाली आहे. इतका नेमका पुरावा पक्षकाराकडून मला क्वचितच मिळाला आहे. ती वही समोर ठेवल्यावर त्या गृहस्थाने तारेत एक माणूस व एक पालखी जाईल एवढे अंतर सोडले. दावा टळला; माझी फीही टळली.

बाहेरच्यांशी तंटा मिटला तरी आपसांतला राहिलाच, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. स्वच्छता म्हणजे काय? कॉलेजातल्या मुलांना राय चकचकीत हवी होती. त्यांनी एकदा झरीभोवतालचा सारा पालापाचोळा गोळा करून पेटवायची तयारी केली, आणि दगडांना पांढरा रंग लावण्याचा बेतही होता. तेव्हा देवळात दिवटी धरणारे एक म्हातारे बाब काठी टेकीत आले आणि एवढेच म्हणाले, "रायेंतलें सुकें पान लेगीत आमचें न्हय, ताचें." पाला जागच्या जागी परत पसरला गेला.

या वचनाला भीतीचे अधिष्ठान आहे, असे सुशिक्षित म्हणतील. असेलही. पण त्या कुजलेल्या पाल्याचा थरच पावसाचे पाणी धरून ठेवतो, सच्छिद्र जांभ्यात ते हळूहळू मुरू देतो, आणि म्हणून शेजारच्या विहिरी तळाला गेल्या तरी झर मे महिन्यात वाहते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा विज्ञानाचे लक्ष या राखणीकडे गेले. न्यायालयेही उशिरा का होईना तिकडे वळली. गावच्या सामाईक जागांवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. राजस्थानातल्या देवरायांची मोजदाद करून त्यांना वनाचे संरक्षण द्यावे, असे १८ डिसेंबर २०२४ रोजी फर्मावले. ही निकालपत्रे मी आदराने वाचतो. तथापि दिल्लीच्या निकालपत्राने आमच्या पाखाडीवरची रानमोडी उपटली जात नाही.

आता नियम असा ठरला आहे की वाटेवरचे रान काढायचे, रायेतले नाही. प्लास्टिक उचलायचे, पान नाही. तळीतला गाळ मृगापूर्वी काढून तो कुळागरांना द्यायचा. चतुर्थीच्या आधी मुलांना याच वाटेने नेऊन माटोळीची कांगलां, घागऱ्यो, माट्टुळीं ओळखायला शिकवतात. बाजारात जुडीने मिळणारी ही फळे कोणत्या झाडावेलींवर लागतात हे पुष्कळांना प्रथमच कळते. त्या हुबळीच्या मुलीला आता आमच्या मुलांपेक्षा अधिक नावे येतात, आणि ती कोकणीत सांगते.

समितीने अखेर ठराव केला. हत्यारे ठेवायला अग्रशाळेतली एक खोली दिली, चहाचा खर्च मंजूर केला आणि काम रविवारी महापूजेपूर्वी आटोपावे अशी अट घातली. ठरावात स्वयंसेवकांची नावे घालावीत की नाही यावर तासभर चर्चा झाली. नावे घातली नाहीत. मास्तरांना त्याचे काही वाटल्याचे दिसले नाही. त्यांचे लक्ष पायऱ्यांकडे आहे. जुनी माणसे पाखाडीला एकशे आठ पायऱ्या सांगतात. आजवर मोजून एकशे पाच भरल्या आहेत. उरलेल्या तीन झरीच्या वळणावर मातीखाली असाव्यात असा गवंड्यांचा तर्क आहे, आणि पाऊस उघडला की तेथे खणायचे ठरले आहे.