सूत आणि सूत्र

१९९९ साली दादरच्या एका संगणकवर्गात मी एक्सेल शिकलो. मराठीचा विद्यार्थी असल्याने गणिताशी माझे फारसे सख्य नव्हते, आणि वर्गातही कुणी त्याची विचारपूस केली नाही. फळ्यावरचे सूत्र चौकटीत उतरवले, की तक्ता आपोआप भरत जाई. दहा हजारांवर दरसाल बारा टक्के व्याजाचा असाच एक तक्ता छापून मी अभिमानाने लालबागच्या चाळीत नेला.

वडिलांनी चष्मा लावला. "वर्षाला चौदा हजार चारशे व्याज? अरे, मुद्दलापेक्षा जास्त! कुठल्या सावकाराची पेढी ही?"

वर्षाचा दर मी दरमहा लावला होता. यंत्राने आज्ञा पाळली होती. चूक माझी होती, आणि मला ती दिसलीही नव्हती.

वडील परळच्या गिरणीत सूतखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात त्यांची नोकरी गेली, हिशेब गेला नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला सुताचा नंबर काढायला शिकवले. १२० वार सूत तोलायचे; जितके ग्रेन भरतील, त्यांनी १००० ला भागायचे. २५ ग्रेन भरले, तर सूत ४० नंबरचे.

"पण हजारच का?" मी विचारले.

एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो सुताचा नंबर. १२० वार म्हणजे लडीचा सातवा हिस्सा. पौंडाचे ग्रेन ७०००, त्यांचा सातवा हिस्सा १०००. एवढे सांगून ते म्हणाले, "पावसाळ्यात मात्र जपून. कापूस ओल पितो, सूत जड भरते, नंबर खोटा उतरतो."

भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. जुनी आहत नाणी त्यांनी तराजूवर तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते, हे ध्यानी घेऊनच त्या वजनांचे संख्याशास्त्र मांडले. सूत्रामागचे गणित आणि आकड्यामागचे विज्ञान असे एकाच हातात असावे लागते. संगणकशिक्षणात ती दोन्ही निराळ्या तासाला ठेवली, की चूक ओळखणारा माणूस वर्गाबाहेर राहतो.

आता मी मराठी शिकवतो. एखाद्या कवीच्या शब्दांची वारंवारिता संगणकावर मोजून विद्यार्थी देखणे तक्ते आणतात. मी एवढेच विचारतो, "यंत्राने 'घर' आणि 'घरात' हे एक शब्द मोजले की दोन?" बहुतेक जण गप्प होतात. मग आम्ही संगणक बाजूला ठेवतो आणि एक कविता हाताने मोजायला घेतो.