वहिवाट

आयुष्याची तीसएक वर्षे दिवाणी कोर्टाच्या दप्तरात घालविल्यामुळे, उतारा ज्याच्या नावाचा त्याचीच जमीन ही भाबडी समजूत माझ्या मनातून केव्हाच गेलेली आहे. कारण सातबाऱ्यावर ज्याचे नावनिशाणही नाही असा एखादा इसम परक्याच्या बांधावरून उन्हापावसात येत-जात राहतो, आणि त्याच्या पावलांनी मळलेली ती वाट पुढे खुद्द मालकालाही अडविता येत नाही. ह्याला आमच्या दप्तरी भाषेत वहिवाट म्हणतात. १८८२ सालच्या कायद्याने तिच्यासाठी २० वर्षांच्या अखंड वापराची अट घातली आहे. आत्याला पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवले, तेव्हा ह्या जुन्या शब्दाचा अर्थ तिच्याकडून नव्याने शिकावा लागेल, असे मात्र वाटले नव्हते.

खुब्याचे हाड मोडल्यावर कोकणातल्या घराच्या जांभ्या पायऱ्या तिला पारख्या झाल्या. आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि रात्री-अपरात्री तिला उठवून बसवायला आम्हां दोघा साठी उलटलेल्यांचे हात पुरेनात. कारणे सगळी खरी होती; तरी प्रवेशाच्या अर्जात ‘नाते’ ह्या रकान्यापुढे ‘भाचा’ असे लिहिताना माझे अक्षर मला एखाद्या थकबाकीदाराचे वाटले.

२००७ सालच्या ज्येष्ठांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांना सामावील असा वृद्धाश्रम असावा, अशी योजना आहे. खाट, अन्न, औषध ह्या गोष्टी योजनेने देता येतात, आणि आत्याच्या आश्रमात त्या नेटक्याही होत्या. आम्ही आमच्याकडून तिचा बाळकृष्ण आणून कोनाड्यात बसविला, जुनी गोधडी पायथ्याशी घातली. आणि दर रविवारी मी तिच्या आवडीचा डबा घेऊन जाऊ लागलो. ती सर्वांची तोंडभर स्तुती करी. “जेवण छान असतं हो इथलं. मुली किती मायेनं करतात!” मी घरी येऊन, आत्या रुळली, असा अहवाल देई. खाटेखालच्या तिच्या पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप होते, किल्ली पदराच्या गाठीला होती, आणि तिथले कपाट रिकामे असताना नेसायचे लुगडेही ती रोज ट्रंकेतूनच काढीत असे, ही गोष्ट माझ्या डोळ्यांना दिसत होती. अहवालात ती आली नाही.

पंगतीतला पाहुणा आमटी वाखाणतो. मीठ कमी पडल्याचे घरचेच माणूस सांगते. एवढी साधी गोष्ट मला उमगली नाही, आणि माझा तो रविवारचा डबा तिचे पाहुणेपण आठवड्या-आठवड्याला ताजे करीत होता, हे तर त्याहून नाही.

मध्यंतरी तापाने मी तीन रविवार अंथरुणाला खिळलो. चौथ्या रविवारी गेलो तर खाट रिकामी. आत्या स्वयंपाकघराच्या दारात, वॉकर बाजूला सारून, स्टुलावर बसून मेथी निवडीत होती, आणि माझ्याकडे नुसती नजर टाकून तिने फिर्याद गुदरली.

“ह्या बाईला तीनदा सांगितलं, आमटीत चिंच नको, आमसूल घाल. ऐकेल तर शपथ! मोहरी तडतडायच्या आत डाळ ओतते.”

“आजी, साठ माणसांची आमटी आहे ही,” आतून पातेल्याच्या वाफेआडून उत्तर आले.

“म्हणून साठ जणांनी कच्ची मोहरी खायची?”

तो तंटा ऐकत मी भिंतीला टेकून उभा राहिलो. साऱ्या आश्रमात तिच्या नावाचा विटेएवढाही तुकडा नव्हता. पण त्या उंबऱ्यावर तिची वहिवाट पडली होती, आणि तीही २० वर्षांत नव्हे, अवघ्या दोन-अडीच महिन्यांत.

निघताना तिने मला ट्रंक ओढून काढायला लावली. लुगडी कपाटात गेली होती.

“ही घरी ने बाबा. पायात येते. आणि उठसूट डबे आणू नकोस. येशील तेव्हा शेरभर आमसुलं आण, चांगली काळी बघून.”

फाटकावरच्या वहीत, ‘पाहुण्याचे नाव’ ह्या रकान्यात, मी सही केली. एस. टी.त ट्रंक मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा कडीत उघडे कुलूप लोंबत होते, आणि किल्ली तिच्या पदरालाच राहिली होती. ती मागायला मी परत गेलो नाही.