सुगी, बिनगोळीचे तीन आठवडे आणि लिव्हरमधला पू

दीड महिना पेजवर काही टाकलं नाही, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं. रान ठीक आहे, बिघडलो होतो मी.

शुगर मला नऊ वर्षांपासून. सोयाबीनची काढणी, मजुरांची वानवा, वर पावसाची भीती, त्यात गोळ्या संपल्या त्या आणायच्याच राहिल्या. तीन आठवडे बिनगोळीचा होतो. त्रास काही जाणवला नाही, म्हणून वाटलं चालतंय.

एका दुपारी गंजीवर ताडपत्री ओढताना हुडहुडी भरली. भर ऑक्टोबरच्या उन्हात दोन गोधड्या घेतल्या. गावात डेंग्यूची साथ होती, मी तेच समजलो. गावातच इंजेक्शन, सलाईन घेतलं. घाम येऊन ताप उतरायचा, संध्याकाळी परत थंडी. उजव्या बरगडीखाली दुखायचं, खोल श्वास घेतला की जास्तच. म्हटलं पोती उचलून भरलं असेल. जेवण जाईना. शुगर आहे हे मी त्या डॉक्टरांना सांगितलंच नाही, त्यांनीही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी पोरानं गाडीत घालून लातूरला नेलं. साखर ४१२. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ७ सेंटिमीटरचा पुवाचा गोळा. मी म्हणालो, "साहेब, मी जन्मात दारूला शिवलो नाही, मग लिव्हर कसं बिघडलं?"

त्यांनी सांगितलं, दारूवाल्यांत जास्त दिसतो तो अमिबाचा गळू वेगळा. हा जीवाणूचा. हे जंतू आतड्यात तसे असतातच. साखर कायम चढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्त पडतात, जंतू रक्तातून लिव्हरमध्ये जाऊन बसतो. मला लगेच हरभऱ्याची मर आठवली. बुरशी जमिनीत असतेच की, पीक कमजोर झालं की उचल खाते.

सोनोग्राफीत बघत बघत बरगडीतून नळी घातली, बाहेर पिशवी. पहिल्याच दिवशी चहाचे दोन कप भरतील एवढा पू निघाला. त्याचा नमुना कल्चरला गेला, रिपोर्टमध्ये क्लेबसिएला न्यूमोनी. मग त्याला लागू पडणारं अँटिबायोटिक कोणतं ते बघून औषध बदललं. (आपण मात्र रोग न ओळखता दुकानदार देईल ते फवारतो, असो.) डोळ्यांनी नीट दिसतंय का, हे रोज विचारायचे. हा जंतू रक्तातून डोळ्यातही जातो म्हणे.

नळी ११ दिवस राहिली. दोन आठवडे शिरेतून औषध, पुढं चार आठवडे गोळ्या. इन्सुलिन दिवसाला चार वेळा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ११.४ आली. म्हणजे गोळ्या तीन आठवडे बंद होत्या, पण साखर त्याच्या कितीतरी आधीपासून हाताबाहेर होती. गोळी खातोय म्हणून मी दीड वर्ष तपासलीच नव्हती. माती परीक्षण मात्र दर उन्हाळ्यात करतो. यावर घरच्या मंडळी जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शुगरवाल्याला थंडी वाजून ताप आला तर पहिल्या दिवशीच साखर बघा, डॉक्टरांना शुगर आहे म्हणून सांगा. जेवण जात नाही म्हणून गोळी, इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका. तापात साखर आणखी चढते. आणि बरगडीखाली दुखत असेल तर सोनोग्राफीला मागंपुढं बघू नका.

हरभरा पोरानं पेरलाय, उगवण बरी आहे. काल बांधापर्यंत चालत गेलो. आज सकाळची उपाशीपोटी साखर १२८. घाटेअळीचे कामगंध सापळे पुढच्या आठवड्यात लावायचेत, त्याची नोंद टाकतो.