समुद्रातला मुक्काम

तिरुवैयारुला कावेरीच्या काठी, त्यागराजस्वामींच्या समाधीपाशी, पौष वद्य पंचमीच्या आराधनेसाठी दरवर्षी मंडप उभा राहतो आणि उत्सव सरला की खांब उपसून वाळू पुन्हा मोकळी होते. तंजावरकडच्या मराठी घरात हे पाहत वाढलेल्या मला, मुंबईच्या समुद्रात नेमणूक झाल्यावर, पाय उचलून मुक्काम हलविणारा, तेलविहिरी खोदणारा रिग कधी परका वाटला नाही.

नव्या जागेवरची पहिली रात्र मात्र विसरता येत नाही. पाय तळाला टेकले म्हणून कोणी त्यांवर विश्वासत नसे. समुद्राचेच पाणी टाक्यांत भरून भार मुद्दाम वाढवावयाचा आणि पाय किती रुततात ते तासन् तास पाहावयाचे, कारण वरचा थर कठीण आणि खालचा मऊ निघाला तर एखादा पाय एकाएकी आत जाऊन सारा डोलारा कलंडावयाचा. पायावर रंगविलेल्या आकड्यावर विजेरी रोखून मी पहाटेपर्यंत बसलो होतो. आकडा हलला नाही. टाक्यांतले पाणी सोडून देण्यात आले, आणि तो अवजड देह आपल्याच पायांवर लाटांच्या वर चढू लागला.

लहान, दूरच्या तेलक्षेत्रांना असाच पाहुणा हवा असतो. चार-दोन वर्षांत ओसरणाऱ्या साठ्यासाठी समुद्रतळात पोलादी खांब ठोकून कायमचा फलाट बांधावा, तर खर्च तेलाला गिळून टाकतो. त्यापेक्षा तेल, वायू आणि पाणी वेगळे करणारी सामग्री अशा चालत्या फलाटावर चढवावी आणि तेल संपताच त्याची रवानगी पुढच्या क्षेत्री करावी, ही तजवीज मला फार शहाणपणाची वाटते. १९७३ साली जपानमध्ये बांधलेल्या ज्या ‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायचे तेल शोधले, त्याचेच असे रूपांतर होऊन डिसेंबर २०२२ मध्ये तो मुंबईपासून सुमारे १४० किलोमीटरांवरच्या डब्ल्यूओ-१६ क्षेत्रात रुजू झाला, दिवसाला २०,००० बॅरल तेल हाताळण्याची त्याची क्षमता आहे. ती वार्ता वाचून मला एखादा वडीलधारा पुन्हा कामावर परतल्यासारखा आनंद झाला.

पुढे गावी गेलो तेव्हा मामांना दाखविण्यासाठी एक रुपयाची जुनी नोट मुद्दाम नेली होती. तिच्या पाठीवर हाच ‘सागर सम्राट’ छापलेला आहे. मामांची भातशेती कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली, जेथे २०२० च्या कायद्याने नव्या तेलविहिरींना मनाई झाली आहे. त्यामुळे तेलाचे नाव काढले की त्यांची मुद्रा सावध होते. नोट डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, की मंडपाचे खांब काढल्यावर खळगे बुजविले नाहीत तर गुरांचे पाय मोडतात, मग तुम्ही निघताना तळाशी काय करता? विहिरीत सिमेंटचे बूच एकावर एक कसे भरतात, प्रत्येकावर दाब देऊन ते कसे पारखतात, हे मी सांगत गेलो. ‘‘आणि ते पारखल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत?’’ त्यांनी पुन्हा विचारले. ‘‘नाही, मामा,’’ मी म्हणालो. तेव्हा कोठे त्यांनी नोट माझ्या हाती परत दिली.